खाते तिचे, सही इतरांची

२४ ऑक्टोबर १९२९. गुरुवारचा दिवस. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात त्या दिवशी जवळजवळ १ कोटी २९ लाख शेअर्सची उलाढाल झाली आणि अमेरिकेच्या भरभराटीचा फुगा फुटायला सुरुवात झाली. बँकिंगच्या परीक्षा दिलेल्या आम्हा लोकांना ही तारीख पाठ असते. त्याच दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसमध्ये, अठरा वर्षांच्या एका मुलीने हॉवर्ड ह्यूज या तरुण कोट्यधीशाच्या करारपत्रावर सही केली. मुदत पाच वर्षे, पगार आठवड्याला १०० डॉलर. एकीकडे लोकांचा पैसा बुडत होता आणि दुसरीकडे, पुढे लाखो डॉलर मिळवून देणारा एक ऐवज अगदी स्वस्तात हाती लागत होता. सही करणाऱ्या मुलीला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गंमत म्हणजे तिने जे नाव लिहिले, तेही तिचे स्वतःचे नव्हते.

ही मुलगी म्हणजे पुढे जगाने जीन हार्लो म्हणून ओळखलेली नटी. बोलपट आल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हॉलीवूडने ज्या विनोदी चित्रपटांचा सपाटा लावला, त्यांतली देखणी, झगमगीत, फटकळ आणि पैशावर डोळा ठेवून असलेली बाई म्हटले की आजही आधी हार्लोच आठवते. श्रीमंत पुरुषांना गळाला लावणाऱ्या अशा बायकांना तिकडे ‘गोल्ड डिगर’ म्हणत, म्हणजे सोने खणून काढणारी. पडद्यावर हार्लोने असे पुष्कळ सोने खणले. पडद्याबाहेर मात्र ती स्वतःच खाण होती आणि फावडी इतरांच्या हातात होती. हे खणणे सव्वीस वर्षे तीन महिने चालले, कारण तिचे आयुष्यच तेवढे होते.

माझी उमेदीची सगळी वर्षे बँकेत गेली. कोणाचेही चरित्र वाचताना त्याच्याकडे पैसा आला कुठून आणि गेला कुठे, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. हार्लोवर लिहिणारे बहुतेक जण तिच्या केसांच्या रंगाविषयी आणि तीन लग्नांविषयी लिहितात. मला तिच्या पासबुकाविषयी लिहायचे आहे.

तिचा जन्म ३ मार्च १९११ चा, मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीचा. वडील माँट क्लेअर कार्पेंटर हे दातांचे डॉक्टर. आईचे वडील जमीनजुमल्याच्या व्यवहारात गब्बर झालेले आणि घरात त्यांचाच शब्द चालायचा. आईचे माहेरचे नाव जीन हार्लो. मुलीचे नाव तिने आपल्याच आडनावावरून हार्लीन असे ठेवले. पण घरात तिला सगळे ‘बेबी’च म्हणत. इतके, की शाळेत घालेपर्यंत आपले खरे नाव काय हे त्या मुलीला माहीत नव्हते असे सांगतात.

आपल्याकडे सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापाशी ‘अ. पा. क.’ अशी अक्षरे असतात. अज्ञान पालनकर्ता. मूल सज्ञान झाले की अर्ज करून ती अक्षरे काढून घ्यावी लागतात. कोणी अर्जच केला नाही, तर माणूस पन्नाशीला आला तरी कागदावर अज्ञानच राहतो. हार्लीनच्या नावापुढची ही अक्षरे काढायला कोणी कधी गेलेच नाही.

आईला नटी व्हायचे होते. १९२२ मध्ये तिने नवऱ्यापासून घटस्फोट घेतला आणि पुढच्या वर्षी मुलीला घेऊन ती हॉलीवूडला गेली. पण मूकपटाच्या त्या जमान्यात पडद्यावर येणाऱ्या मुली सोळा-सतरा वर्षांच्या असत आणि ही तिशी ओलांडलेली. काम मिळाले नाही. १९२५ मध्ये आजोबांनी वारशातून नाव कमी करण्याची धमकी दिली, तेव्हा मायलेकी मुकाट्याने कॅन्सस सिटीला परतल्या. त्याच उन्हाळ्यात मुलगी मिशिगनमधल्या एका शिबिरात गेली असताना तिला स्कार्लेट फीवर झाला. ताप उतरला, मुलगी हिंडूफिरू लागली आणि सगळे विसरून गेले. ही नोंद वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण तिची वसुली बारा वर्षांनी झाली.

आईने मरिनो बेलो नावाच्या रंगेल गृहस्थाशी १९२७ मध्ये दुसरे लग्न केले. त्याच वर्षी सोळा वर्षांच्या हार्लीननेही पळून जाऊन लग्न केले. चार्ल्स मॅकग्रू हा तिचा नवरा श्रीमंत घरचा वारस होता. एकविसाव्या वर्षी वारशाचा काही हिस्सा हाती आल्यावर हे जोडपे लॉस एंजेलिसला आले. तिला कामाची गरज नव्हती आणि हौसही नव्हती. एकदा ती एका मैत्रिणीला आपल्या गाडीतून फॉक्स कंपनीच्या स्टुडिओत सोडायला गेली. गाडीत बसलेल्या तिला पाहून तिथल्या अधिकाऱ्यांनी ओळखीची पत्रे देऊ केली. तिने ती बाजूला टाकून दिली. पुढे, तुझ्यात तेवढी हिंमतच नाही असे मैत्रिणीने डिवचले म्हणून पैजेखातर ती एक्स्ट्रांची नोंदणी होते त्या कचेरीत गेली आणि नाव विचारल्यावर तिने आईचे नाव सांगितले. जीन हार्लो. आईचे अपुरे राहिलेले स्वप्न आईच्याच नावाने असे रजिस्टरवर चढले.

दिवसाला ७ डॉलर मिळत. मग विनोदी छोटे पट काढणाऱ्या हॅल रोचने तिला आठवड्याला १०० डॉलरवर बांधून घेतले. १९२९ च्या ‘डबल वूपी’ या लॉरेल-हार्डीच्या मूकपटात ती टॅक्सीतून उतरते, टॅक्सीच्या दारात तिचा झगा अडकतो, आणि अर्धा झगा टॅक्सीबरोबर गेला आहे याचा पत्ताच नसलेली ती राणीच्या दिमाखात हॉटेलात शिरते. या कामामुळे माझा संसार मोडतो आहे असे तिने सांगितले, तेव्हा रोचने भलेपणाने करार फाडून टाकला. संसार त्यानंतरही मोडलाच. आता मात्र तिला कमावणे भाग होते. कारण आई आणि बेलो एव्हाना लॉस एंजेलिसला येऊन दाखल झाले होते.

ह्यूजचा प्रवेश इथे होतो. ‘हेल्स एंजल्स’ हा विमानयुद्धावरचा मूकपट त्याने अफाट पैसा ओतून काढला होता. तेवढ्यात पडदा बोलू लागला. मूळची नायिका ग्रेटा निसन नॉर्वेची. तिच्या उच्चारांमुळे इंग्रज तरुणीच्या भूमिकेत ती चालेना. तिच्या जागी हार्लो आली. १९३० मध्ये चित्रपट झळकला. समीक्षकांनी तिच्या अभिनयाची टर उडवली आणि प्रेक्षकांनी तिच्यासाठी रांगा लावल्या. मग ह्यूजने तिला इतर कंपन्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. १९३१ या एका वर्षात ती मेट्रो, वॉर्नर, युनिव्हर्सल, फॉक्स आणि कोलंबिया अशा पाच कंपन्यांच्या चित्रपटांत दिसली. भाडे मालक ठरवी आणि तिला पगार मिळे तो करारातला. फ्रँक काप्राने कोलंबियासाठी काढलेल्या चित्रपटाचे नाव तर तिच्या केसांची जाहिरात म्हणूनच ‘प्लॅटिनम ब्लाँड’ असे ठेवण्यात आले. तिच्या केसांचा रंग हुबेहूब जमवून दाखवणाऱ्याला १० हजार डॉलरचे बक्षीसही जाहीर झाले होते. त्या रंगापायी दर आठवड्याला तिच्या डोक्यावर जहाल रसायनांचा मारा होई. केस इतके खराब झाले की पुढे तिला टोप वापरावा लागला.

३ मार्च १९३२ रोजी तिला एकविसावे वर्ष पूर्ण झाले. त्याच दिवशी तिला बातमी मिळाली, की मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने तिचा करार ह्यूजकडून ३० हजार डॉलरला विकत घेतला आहे. जुनी हुंडी एका सराफाच्या पेढीवरून दुसऱ्याच्या पेढीवर जावी, तसा हा व्यवहार होता. हुंडीला कोणी विचारत नाही. तरी हा बदल तिच्या भल्याचा ठरला, कारण तिच्यात विनोदाचे अंग आहे हे मेट्रोतल्या दोघातिघांना कळले होते. त्यांतला एक पॉल बर्न. हा सौम्य, वाचनवेडा निर्माता तिच्यासाठी खटपट करत होता. दुसरी अनिटा लूस, ‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’ ही गाजलेली कादंबरी लिहिणारी, चणीने लहान आणि बुद्धीने तिखट लेखिका.

‘रेड-हेडेड वूमन’ हा हार्लोचा मेट्रोतला पहिला महत्त्वाचा चित्रपट. पटकथेवर आधी एफ. स्कॉट फिट्झगेराल्ड काम करत होता. त्याने विषय फार गंभीरपणे घेतला, म्हणून निर्मितीप्रमुख आयर्व्हिंग थॅलबर्गने ते काम लूसकडे दिले. लोकांनी या बाईला हसावे आणि तिच्याबरोबरही हसावे, एवढी त्याची अपेक्षा होती. कथा अशी : कचेरीतली एक टायपिस्ट साहेबाला नादी लावते, त्याचा घटस्फोट घडवते, त्याच्याशी लग्न करते, मग त्याहून मोठ्या कोळसासम्राटाकडे वळते आणि त्याच्या ड्रायव्हरशीही सूत जमवते. शेवटी तिचे वाटोळे व्हावे, निदान पश्चात्ताप तरी व्हावा. तसे काहीच होत नाही. पॅरिसच्या रेसकोर्सवर ती एका म्हाताऱ्या धनिकाच्या शेजारी दिमाखात बसलेली असते आणि गाडी चालवायला तोच जुना ड्रायव्हर. इंग्लंडमध्ये या चित्रपटावर बंदी आली.

आज असे चित्रपट पाहताना प्रश्न पडतो, की लोकांना यात एवढे आवडले काय? उत्तर त्या काळच्या हिशेबाच्या वह्यांत आहे. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेतल्या सुमारे ९ हजार बँकांनी दिवाळे काढले. १९३३ मध्ये दर चार कामकऱ्यांमागे जवळजवळ एक बेकार होता. ४ मार्च १९३३ रोजी रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि ६ मार्चला त्यांनी देशभरातल्या बँकांना सक्तीची सुट्टी दिली. मेट्रोतही आठ आठवडे पगार निम्म्यावर आणले गेले. त्याच साली वॉर्नरचा ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’ आला. त्याची सुरुवात मोठी मार्मिक आहे. नाण्यांनी मढलेल्या पोरी पैशाची चंगळ झाल्याचे गाणे म्हणत असतात आणि गाणे पुरे व्हायच्या आत देणेकऱ्यावरची जप्ती घेऊन सरकारी माणसे थिएटरात शिरतात, नाटकाचे सामान आणि मुलींच्या अंगावरचे पोशाखसुद्धा ओढू लागतात. जप्तीचा असा पंचनामा मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेला नाही.

ज्या देशात इमानदारीने ठेवलेली ठेव बुडते, तिथे सचोटीचे धडे ऐकायला कोण बसणार? आपल्याजवळ काहीच तारण नसताना श्रीमंताच्या दिवाणखान्यात घुसून दाखवणारी पोरगी लोकांना जवळची वाटली, यात नवल नाही. त्यात पडदा नुकता बोलू लागलेला. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचे आणि वर्तमानपत्रांतले चलाख लेखक हॉलीवूडला आले होते. मूकपटातली मोहिनी नुसती डोळे फिरवायची. बोलपटातली ही बाई तोंडावर उत्तर द्यायची. बार्बरा स्टॅनविकच्या ‘बेबी फेस’मध्ये तर नायिका एका बँकेच्या इमारतीतच मजल्यामागून मजला चढत वर जाते. तो विनोदी नाही, चांगला कडवट आहे. त्याची कात्री लागण्यापूर्वीची प्रत २००४ मध्ये सापडली, तेव्हा सेन्सॉरने काय काय झाकले होते ते लोकांना कळले.

पैशासाठी लग्न करणाऱ्या बायकांना हसणे सोपे आहे. काउंटरच्या आतल्या बाजूने मी निराळ्या बायका पाहिल्या. खाते बाईच्या नावावर, पण पासबुक नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या खिशात. बोट ठेवलेल्या जागी बाई सही करायची आणि रक्कम किती ते विचारायचीसुद्धा नाही. शिक्षिका होत्या, परिचारिका होत्या, म्हणजे स्वतः मिळवत्या. त्यामुळे पैसा हवा असे तोंडाने म्हणणाऱ्या पडद्यावरच्या बाईपेक्षा, कमावलेला पैसा दुसऱ्याच्या हवाली करणारी बाई मला जास्त अस्वस्थ करते. हार्लो ही त्यातली होती.

२ जुलै १९३२ रोजी तिने पॉल बर्नशी लग्न केले. तो तिच्याहून दुपटीने मोठा. दोनच महिन्यांनी, ५ सप्टेंबरला, बर्न राहत्या घरात गोळी लागून मेलेला सापडला. हार्लो त्या रात्री आईकडे होती. पोलिसांना वर्दी जाण्याआधी स्टुडिओचे बडे अधिकारी तिथे येऊन गेले होते, त्यामुळे कुजबुज आजतागायत थांबलेली नाही. चौकशीत निष्कर्ष निघाला आत्महत्येचा. त्यानंतर थोड्याच दिवसांत, बर्नबरोबर पूर्वी पत्नीसारखी राहिलेली डोरोथी मिलेट सॅक्रामेंटो नदीत बुडून मेली. या साऱ्यावर हार्लो जाहीरपणे एक अक्षर बोलली नाही. ‘रेड डस्ट’चे चित्रीकरण अर्धवट होते. ती कामावर परतली, चित्रपट पुरा झाला आणि धो धो चालला. एकवीस वर्षांची विधवा सेटवर येऊन क्लार्क गेबलबरोबर थट्टामस्करीचे प्रसंग करत होती, हे मनात ठेवून तो चित्रपट पाहावा.

१९३३ हे तिचे सर्वांत सोनेरी वर्ष. जॉर्ज क्यूकरच्या ‘डिनर ॲट एट’मध्ये ती किटी पॅकार्ड झाली. पांढऱ्याशुभ्र बिछान्यात लोळत चॉकलेटे खाणारी, एका उद्दाम धंदेवाल्याची बायको. हा पॅकार्ड मंदीत अडचणीत आलेल्या एका जुन्या जहाज कंपनीचे शेअर दुसऱ्यांच्या नावांवर गुपचूप गोळा करत असतो. ते कारस्थान मोडून काढते ती हीच उथळ बायको. तिला त्या कंपनीच्या मालकाकडे जेवणाचे आमंत्रण असते, आणि प्रतिष्ठितांच्या घरात मिळालेला प्रवेश तिला गमवायचा नसतो. नवऱ्याची गुपिते उघडी करण्याची धमकी देऊन ती त्याला गप्प बसवते. शेवटी पाहुणे जेवायला आत जात असताना किटी सांगते, की आपण एक पुस्तक वाचले. ते ऐकून साठी ओलांडलेली मारी ड्रेसलर चालता चालता जी ठेचकाळते, ते दृश्य बोलपटाच्या इतिहासात अमर झाले आहे. यंत्रे सगळ्यांचे धंदे बुडवणार या किटीच्या काळजीवर ती तिला नखशिखांत न्याहाळून दिलासा देते. हशा ड्रेसलरचा आहे हे खरे, पण तो हार्लोच्या भाबड्या चेहऱ्याच्या भांडवलावर उभा आहे.

त्याच वर्षीचा व्हिक्टर फ्लेमिंगचा ‘बॉम्बशेल’ माझ्या दृष्टीने तिचा सर्वांत खरा चित्रपट. त्यातली लोला बर्न्स ही हॉलीवूडची आघाडीची नटी. पहाटे उठून कामाला जाणारी. घरी दारुडा बाप, ऐतखाऊ भाऊ, हात मारणारे नोकर, आणि स्टुडिओचा प्रसिद्धीवाला रोज नवी भानगड छापून आणणारा. सगळे तिच्या जिवावर पोसलेले आणि सगळे तिच्याच डोक्यावर बसलेले. कंटाळून ती पळून जाते, तेव्हा तिला एक खानदानी प्रियकर भेटतो. तो आणि त्याचे आईवडील हे प्रसिद्धीवाल्याने भाड्याने आणलेले नट निघतात. यात लोलाला ‘रेड डस्ट’च्या काही दृश्यांचे पुन्हा चित्रीकरण करायला बोलावले जाते, म्हणजे हे कोणाचे घर आहे याविषयी शंका राहू नये अशीच योजना होती. लोला घरादारावर तोंडसुख घेते तेव्हा थिएटर हसते. हार्लोने स्वतःच्या घरात असा आवाज चढवल्याची नोंद तिच्या चरित्रकारांना सापडलेली नाही.

घरात आई होती आणि बेलो होता. बेलो तिचा व्यवस्थापक म्हणून मिरवत असे. त्याला भपक्याचा सोस होता आणि मेक्सिकोतल्या सोन्याच्या खाणींचे वेड होते. सोने खणणारी म्हणून जिची ख्याती, तिच्या कमाईवर तो सोन्याच्या खाणींचे बेत करत होता. १९३५ मध्ये आईने त्याला घटस्फोट दिला. पुढे १९३८ मध्ये हे गृहस्थ बग्सी सीगल या गुंडाच्या टोळक्याबरोबर पॅसिफिकमधल्या कोकोस बेटावर पुरलेला खजिना शोधायला जहाजातून निघाले होते, यावरून माणसाची पारख व्हावी. आई मात्र शेवटपर्यंत लेकीच्या घरात राहिली. तिचे लेकीवर प्रेम नव्हते असे म्हणता येणार नाही. ते इतके होते, की त्यात मुलीला उभे राहायला जागा उरली नव्हती. छायाचित्रणकार हॅरॉल्ड रॉसनशी हार्लोने १९३३ च्या सप्टेंबरमध्ये केलेले तिसरे लग्न आठ महिन्यांत संपले.

जुलै १९३४ पासून हॉलीवूडची नीतिनियमावली जोसेफ ब्रीनच्या कचेरीने कडकपणे राबवायला सुरुवात केली. पाप केले तर शिक्षा दाखवा, लग्नसंस्थेची टवाळी करू नका. हार्लोचा त्या वर्षीचा चित्रपट ‘बॉर्न टू बी किस्ड’ या नावाने येणार होता. तो ‘द गर्ल फ्रॉम मिझुरी’ असे सोज्ज्वळ नाव घेऊन आला. नायिका आताही लक्षाधीशाच्या शोधात निघते, पण लग्नापर्यंत शील सांभाळून. ‘वाईफ व्हर्सेस सेक्रेटरी’मध्ये तिच्या केसांचा झगमगाटही उतरवण्यात आला. तिथे ती साहेबाला नादी न लावणारी, कर्तबगार सेक्रेटरी आहे. चार वर्षांपूर्वीच्या टायपिस्टचे जणू हे प्रायश्चित्त. विशेष हे, की या साध्या भूमिकेतही ती उत्तम उतरली. निव्वळ भडकपणावर चाललेली नटी असती, तर इथे उघडी पडली असती.

या काळात विल्यम पॉवेल तिच्या आयुष्यात आला होता. हुशार, सभ्य, यशस्वी आणि दोनदा घटस्फोटित. हार्लोला त्याच्याशी लग्न करायचे होते. त्याला पुन्हा एका तारकेशी लग्न करण्याची धास्ती वाटत होती. १९३६ च्या ‘लायबल्ड लेडी’त दोघे एकत्र आले. शेवटी पॉवेलच्या पदरात पडणारी नायिका आपण करावी अशी तिची इच्छा होती. पण पॉवेल आणि मर्ना लॉय ही जोडी कंपनीचे चलनी नाणे होते, म्हणून ती भूमिका लॉयकडे गेली. हार्लोच्या वाट्याला आली वर्तमानपत्राच्या संपादकाची वाग्दत्त वधू. बातमीपायी तो दर वेळी लग्न पुढे ढकलतो, आणि वर एका कारस्थानासाठी तिचे दुसऱ्याच माणसाशी नावापुरते लग्न लावून देतो. हा दुसरा माणूस म्हणजे पॉवेल. त्याच्याशी तिचे लग्न लागले ते एवढेच.

१९३७ च्या जानेवारीत अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या वाढदिवसाच्या समारंभासाठी ती वॉशिंग्टनला गेली आणि तिथे फ्लूने आजारी पडली. वसंतात अक्कलदाढा काढताना प्रकृती आणखी ढासळली. ३ मेच्या ‘लाईफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र आले. हा मान मिळालेली ती पहिली चित्रपट अभिनेत्री. त्या महिन्याच्या अखेरीस ‘साराटोगा’च्या सेटवर तिला बरे वाटेनासे झाले आणि ती घरी गेली. डॉक्टरांचे निदान आधी चुकले. वस्तुस्थिती अशी होती, की दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आली होती. लहानपणीच्या स्कार्लेट फीवरने तेव्हाच त्यांना ग्रासले असावे, असा आजचा तर्क आहे. ६ जूनला तिला गुड समॅरिटन रुग्णालयात हलवले आणि ७ जूनला ती गेली. आईने धर्मश्रद्धेपायी उपचारच होऊ दिले नाहीत, केसांच्या रंगाने विष भिनले, अशा कंड्या पुढे अनेक वर्षे पिकल्या. १९९३ मध्ये डेव्हिड स्टेन या चरित्रकाराने वैद्यकीय कागदपत्रे तपासून त्या खोडून काढल्या. घरी डॉक्टर होते, परिचारिका होत्या. पण पेनिसिलिन अजून सर्रास वापरात यायचे होते, आणि कृत्रिम मूत्रपिंडाचा रुग्णावर पहिला प्रयोग व्हायला १९४३ साल उजाडावे लागले.

‘साराटोगा’ अपुरा होता. मेरी डीस नावाच्या मुलीला पाठमोरी उभी करून आणि दुसऱ्याच एका बाईचा आवाज जोडून कंपनीने तो पुरा केला आणि जुलैत प्रदर्शित केला. लोटलेल्या गर्दीने तो त्या वर्षातल्या सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांत जाऊन बसला. पॉवेलने २५ हजार डॉलर खर्चून रंगीत संगमरवराची खोली तिच्या समाधीसाठी घेतली. तिथे तिचे नाव नाही. आमची बेबी, एवढ्याच अर्थाचे दोन शब्द आहेत. अ. पा. क. तसेच राहिले.

खाते तिथेही बंद झाले नाही. १९६४ मध्ये तिच्या जुन्या एजंटाच्या सांगण्यावरून लिहिलेले एक सनसनाटी चरित्र आले आणि खूप खपले. १९६५ मध्ये ‘हार्लो’ याच नावाचे दोन चित्रपट आले. त्याच वर्षी आणखी एक पुस्तक निघाले, त्याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. ती हार्लोने स्वतः लिहिलेली कादंबरी होती, ‘टुडे इज टुनाईट’. तिच्या हयातीत ती छापली गेली नाही. तिच्या पश्चात आईने कादंबरीचे चित्रपटहक्क मेट्रोला विकले; चित्रपट काही निघाला नाही. कथा आहे आंधळ्या झालेल्या नवऱ्यासाठी दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस करणाऱ्या बायकोची. कादंबऱ्या लिहिणारा म्हणून मला कुतूहल वाटते ते त्यातल्या गुणदोषांचे नाही. दिवसभर दिव्यांच्या उजेडात दुसऱ्यांचे शब्द बोलणाऱ्या या मुलीला रात्री बसून आपले शब्द कागदावर उतरवावेसे वाटले, याचे वाटते. कव्हरवर नाव अर्थात आईचेच, जीन हार्लो.

तिचे चित्रपट आता घरबसल्या पाहता येतात. कोणी एकच पाहणार असेल, तर त्याने ‘बॉम्बशेल’ पाहावा. त्यात एका ठिकाणी लोला घरातल्या सगळ्यांचा हिशेब एका दमात मांडते : कोण काय खातो, कोण काय उचलतो, आणि बिले कोण भरते. वाक्ये लेखकांनी लिहिलेली आहेत, पोशाख कंपनीचा आहे, केस रसायनांचे आहेत. तो संताप आणि त्याला हसे मिळवून देणारी लय मात्र तिची आहे. ती लय कोणी तिच्याकडून सही करून घेऊ शकले नाही.